मुंगी-झाडाचा कंद सुरकुततो, मऊ पडतो: झारी उचलण्याआधी काय काय तपासायचं

हायड्नोफायटम आणि मायर्मेकोडिया ही फुगीर कंदाची झाडं. जंगलात त्यांच्या कंदात मुंग्या नांदतात. गेली नऊ वर्षं मी ती वाढवते आहे, आणि त्यांचं एकच दुखणं इतक्या वेळा निस्तरलं आहे की आता कोणी फोटो पाठवला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुंडी उचलून पाहिलीत का? जड लागते की हलकी? बहुतेकांनी उचललेली नसते. कंद आक्रसलेला दिसला, झाड तहानलेलं वाटलं, म्हणून पाणी घातलं. दोन दिवसांनी तो आणखी आक्रसला, मग आणखी पाणी. पंधरवड्यात कंदाची एक बाजू बोटाखाली दबायला लागते आणि तेव्हा फोटो येतो.

हे दुखणं परत परत येतं, कारण सुरकुतलेल्या कंदामागे दोन अगदी उलट कारणं असू शकतात आणि वरून दोन्ही सारखीच दिसतात. एकात पाणी खरोखरच कमी पडलेलं असतं. दुसऱ्यात पाणी इतकं झालेलं असतं की मुळं कुजली आहेत, आणि ओल्या कुंडीत बसूनही झाडाला घोटभर पाणी मिळत नाही. कारण न ओळखता इलाज केला तर निम्म्या वेळा तो इलाजच झाडाला मारतो.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी खालच्या तपासण्या सुरू करा:

– कंदावर उभ्या सुरकुत्या पडल्या आहेत आणि पाणी दिल्यावर आठवडाभरातही तो भरत नाही.
– कंदाचा एखादा भाग मऊ लागतो, तिथली साल गडद आणि ओलसर दिसते, जवळ नाक नेलं तर आंबूस वास येतो.
– एका आठवड्यात तीन-चारपेक्षा जास्त पानं पिवळी होऊन गळली. (सर्वांत जुनं पान अधूनमधून गळणं हे झाडाचं रोजचं काम आहे.)
– नवी पानं बारकी, वाकडी येतात किंवा उमलायच्या आतच काळी पडतात.
– पानांच्या कडा आणि टोकं तपकिरी, कुरकुरीत होतात.
– कुंडीवर मुंग्यांची रांग लागली आहे.

शेवटच्या लक्षणाने लोक खूश होतात. मुंगी-झाडाला मुंग्या लागल्या, म्हणजे जोडी जमली असं त्यांना वाटतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण ही खुशी बऱ्याच झाडांना भोवली आहे.

जे दुखणं नाही त्यावर इलाज करू नका

नव्या माणसाला या झाडाचं निरोगी रूपही आजारी वाटू शकतं. कंदाला भोकं असतात. ती किडीने पाडलेली नसतात, झाडाने स्वतः ठेवलेली दारं असतात. एका बाईंनी ती भोकं मेणाने बुजवली होती. पुढे महिनाभर आतली ओल बाहेर पडायला वाटच नव्हती, आणि मग जे व्हायचं ते झालं. साल बुचासारखी, करड्या-तपकिरी रंगाची, भेगाळलेली असते, तीही ठीक. मायर्मेकोडियाच्या कंदावर काटे असतात, हायड्नोफायटमचा कंद बहुधा गुळगुळीत किंवा नुसता खडबडीत. कंद त्याच्या आकाराच्या मानाने हलका लागतो, कारण आत पोकळ्या आहेत.

सगळ्यात जास्त झाडं वाया जातात ती कंद कापून पाहिल्यावर. आत बोगदे आणि दालनं दिसतात. काही दालनांच्या भिंती फिकट आणि गुळगुळीत, काहींच्या गडद तपकिरी आणि बारीक पुळ्यांनी भरलेल्या. ही तपकिरी दालनं पाहून माणूस घाबरतो, कंद आतून सडलाय असं समजतो आणि झाड फेकून देतो. खरं तर त्या पुळ्या झाडाचं तोंड आहेत. जंगलात मुंग्या गुळगुळीत दालनांत अंडी-पिल्लं ठेवतात आणि पुळ्यांच्या दालनांत विष्ठा, मेलेले किडे, उष्टं-खरकटं टाकतात. त्या पुळ्यांतून झाड ते पोषण शोषून घेतं. कॅमिला हक्सली यांनी पापुआ न्यू गिनीतल्या या झाडांवर केलेला अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला, त्यात या दोन प्रकारच्या दालनांची कामं नीट उलगडली आहेत. तेव्हा तपकिरी रंगावरून घाबरू नका. सड ओळखायची ती मऊपणा आणि वास यांवरून. निरोगी पुळ्यांच्या भिंतीला नख लावलं तर ती टणक लागते.

पहिली तपासणी: वजन, बोट, नाक

याला एक पैसा लागत नाही आणि दोन मिनिटं पुरतात. कुंडी उचला. भरपूर पाणी देऊन निथळल्यावर ती किती जड लागते आणि पूर्ण सुकल्यावर किती, हे हाताला एकदा माहीत झालं की पुढे कधी चुकत नाही. सुरुवातीला अंदाज येत नसेल तर वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा कुंडीवर लिहून ठेवा.

कुंडी हलकी आणि कंद सुरकुतलेला पण टणक असेल, तर झाड तहानलेलं आहे. कुंडी जड आणि कंद सुरकुतलेला असेल, तर मुळांचं काहीतरी बिनसलं आहे. तिसरा प्रकार फसवा आहे. कुंडी हलकी असते, पाणीही रोज दिलं जातं, तरी सुरकुत्या जात नाहीत. इथे बहुधा भरण, म्हणजे कुंडीत मातीऐवजी घातलेलं मिश्रण, इतकं कोरडं झालेलं असतं की ते पाणी घेतच नाही. पूर्ण वाळलेलं मॉस किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे पाणी झटकून टाकतात. ते कुंडीच्या कडेने सरळ खाली येतं आणि आपल्याला वाटतं, झाड प्यायलं. अशा वेळी कुंडीचा फक्त खालचा भाग बुडेल इतक्या पाण्यात ती अर्धा तास ठेवा, मग पूर्ण निथळू द्या. कंद पाण्यात बुडता कामा नये, दारांतून पाणी आत शिरतं.

मग अंगठ्याने कंद सगळीकडून, तळापासून फांद्यांच्या बुंध्यापर्यंत, हळू दाबत फिरा. टणक कंदावर अंगठा घसरतो, सडलेल्या जागी रुततो. शेवटी प्रत्येक भोकाशी नाक न्या. निरोगी कंदाला ओल्या लाकडासारखा मंद वास येतो किंवा वासच येत नाही. आंबूस किंवा कुजका वास आला तर मधल्या तपासण्या सोडून थेट मुळांच्या तपासणीकडे वळा.

दुसरी: कंद किती पुरला आहे

कंद गाडलेला दिसला की निम्मं उत्तर मिळतं. आकार पाहून लोकांना तो जमिनीतला कंद वाटतो आणि कुंडी बदलताना ते तो अर्धा-पाऊण आत घालतात. पण बी रुजल्यावर मुळं आणि पहिली दोन पानं यांच्यामध्ये जो दांडा असतो, तोच फुगून हा कंद झालेला असतो. तो खोडाचाच भाग आहे. त्याची जागा हवेत.

ही झाडं अपिवनस्पती आहेत, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या फांदीवर, सालीला धरून वाढणारी. बांडगुळासारखी ती यजमानाचा रस ओढत नाहीत, फक्त आधार घेतात. मुळं सालीच्या खाचांत आणि शेवाळात असतात, कंद उघड्यावर टांगलेला असतो, पावसात भिजतो आणि वाऱ्यावर तासाभरात सुकतो. सतत ओलं भरण चिकटून राहिलं की याच कंदाची बुचासारखी साल मऊ होते आणि तिथूनच बुरशी शिरते.

म्हणून बोटाने किंवा जुन्या ब्रशने कंदाभोवतीचं भरण बाजूला सारा. फक्त मुळं फुटतात तो तळाचा भाग आत राहील इतकंच. झाड डगमगत असेल तर काठीचा आधार द्या, पण स्थिर राहावं म्हणून पुरू नका. एवढ्या एका बदलाने, बाकी काहीही न करता, माझ्याकडे आलेली निदान सहा झाडं सावरली आहेत.

तिसरी: पाणी कुठून जातं आणि कुठे साचतं

कुंडीखालची ताटली पाहा, शोभेच्या बाहेरच्या कुंडीत डोकावून पाहा. तळाशी बोटभर पाणी साचलेलं असतं आणि वर्षभर कोणी पाहिलेलं नसतं, हे मी स्वतःच्या घरात अनुभवलं आहे. मग एक लाकडी काडी भरणात तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. वरचं बोटभर भरण कोरडं आणि खाली काडी ओलीचिंब, असं असेल तर वरून पाहून पाणी देण्याची सवय झाडाला मारते आहे.

पाणी भरणावर द्यायचं, कंदावर ओतायचं नाही. पावसात जंगलातला कंदही भिजतो, मग घरात का नको, असं मला विचारतात. फरक हवेचा आहे. उंच फांदीवर वारा खेळतो, कंद बहुधा कलता असतो आणि आत मुंग्यांची वर्दळ असते. आत पडलेली घाण मुंग्या एका जागी नेतात. घरातल्या कंदात आत गेलेलं पाणी तसंच बसून राहतं, त्यात गळलेली पानं आणि मेलेली चिलटं कुजतात. दारांतून पाणी गेलंच असेल तर झाड कुंडीसकट तिरकं करून पाच मिनिटं धरा. कधी कधी चमचाभर मळकं पाणी निघतं.

पाणी सकाळी द्यावं, म्हणजे रात्रीपर्यंत कंद कोरडा होतो. आणि या झाडांना निवडुंगासारखं महिनोन्महिने कोरडं ठेवू नका. कंदात पाण्याचा साठा असतो, त्यावर हायड्नोफायटम थोडा कोरडा काळ काढतं. तो साठा अडचणीच्या दिवसांसाठी आहे, रोज त्यावर जगायला लावलं तर बारीक मुळं मरतात, आणि मग पुढच्या भरपूर पाण्यात तीच मेलेली मुळं सडायला लागतात. दोन टोकांच्या मधली पद्धत मला कायम लागू पडली: भरण जवळजवळ सुकू द्यायचं, मग भरपूर पाणी, मग पूर्ण निचरा.

चौथी: उजेड, हवा, थंडी

खिडकीजवळचा भरपूर उजेड आणि सकाळचं कोवळं ऊन त्यांना मानवतं. अंधाऱ्या कोपऱ्यात झाड पाणी कमी पितं, म्हणजे तेवढंच पाणी तिथे जास्त होतं. थंडीतही तेच. यातल्या बहुतेक जाती उष्ण सखल प्रदेशातल्या आहेत. रात्रीचं तापमान १५ अंशांखाली जायला लागलं की मी पाणी निम्म्यावर आणते. थंड आणि ओलं एकत्र आलं की मुळं फार लवकर जातात. बंद काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर झाकण रोज काही तास उघडं हवं. दमट हवा त्यांना आवडते, कोंडलेली नाही.

पाचवी: खत आणि पाण्यातले क्षार

पानांच्या कडा करपल्या असतील आणि भरणावर पांढरट थर दिसत असेल तर क्षार साचले आहेत. पावसाचं किंवा गाळून क्षार काढलेलं पाणी भरपूर ओतून भरण धुऊन काढा. महिन्यातून एकदा असं धुणं पुरतं.

खतातली चूक प्रेमापोटी होते. मुंग्या कंदाच्या आत झाडाला खाऊ घालतात, हे वाचून लोक भोकांत पातळ केलेलं खत, शेणखताचं पाणी, अगदी मेलेले किडेसुद्धा घालतात. मुंग्या झाडाला देतात ते थोडं असतं. ओळीने रोज, कणाकणाने, योग्य त्या दालनात ठेवलेलं असतं. हे जमाखर्चाचं नातं किती घट्ट असतं ते यांच्यासारखंच मुंग्यांना घर देणाऱ्या डिस्किडिया मेजर या वेलीवर मोजलं गेलं आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मुंग्या राहत असलेल्या पानांतला ३९ टक्के कार्बन मुंग्यांच्या श्वासातून आणि झाडातला २९ टक्के नायट्रोजन त्यांनी टाकलेल्या कचऱ्यातून आला होता. घरात तो पुरवठा नाही, म्हणून खत द्यावं लागतं हे खरं. पण ते मुळांना द्या: पाकिटावरच्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्श्याएवढं पातळ, झाड वाढत असतानाच, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. भोकात ओतलेलं खत पहिल्यांदा बुरशीच्या उपयोगी पडतं.

आणि मुंग्या आणून सोडू नका. त्यांच्यावाचून झाडाचं घर अडत नाही. इंडोनेशियातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात डच वनस्पतिशास्त्रज्ञ मेल्कियोर ट्रॉयब यांनी १८८३ साली दाखवून दिलं की मुंगी जवळपास नसतानाही रोपाच्या कंदात पोकळ्या आपोआप होतात. आत बुचासारखा थर तयार होतो, त्याच्या आतला भाग वाळून मरतो आणि दालन मोकळं होतं. त्याआधी दोनशे वर्षं, सतराव्या शतकात, तिथल्याच आंबोन बेटावर राहणाऱ्या निसर्ग-अभ्यासक रुम्फियस यांना वाटलं होतं की मुंग्यांच्या घरट्यालाच अंकुर फुटला आहे. पहिल्यांदा कंद कापून पाहणाऱ्याला तसंच वाटावं, इतकं ते घर मुंग्यांच्या मापाचं आहे.

सहावी: कीड, आणि ती मुंग्यांची रांग

आता त्या रांगेकडे. जंगलात या कंदांत राहणाऱ्या मुंग्या, उदाहरणार्थ फिलिड्रिस, त्यांच्या प्रदेशातल्या आहेत. आपल्या कुंडीवर आलेल्या मुंग्या बहुधा घरातल्याच असतात आणि त्या झाडासाठी आलेल्या नसतात. त्या गोड चिकटा खायला आलेल्या असतात, आणि चिकटा सोडतो पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड. मुंग्या त्यांची राखण करतात, एका फांदीवरून दुसरीवर नेऊन ठेवतात.

रांग कुठे संपते ते भिंगातून पाहा. पानाच्या देठाची बेचकी, फांदीचं टोक, पानाखालची मधली शीर. मायर्मेकोडियात फुलं खोडावरच्या केसाळ खाचांत लपलेली असतात. त्या खाचा बारीक चिमट्याने उघडून पाहाव्या लागतात, कारण पिठ्या ढेकणांना याहून सुरक्षित जागा झाडावर दुसरी नाही. एका संध्याकाळी मी एका खाचेत टॉर्च मारली तर पांढरं कापसासारखं काही दिसलं, ते केस असतील म्हणून सोडून दिलं. तीन आठवड्यांनी ते सगळ्या खोडावर होतं. केस सुकलेले, सरळ आणि रेशमी असतात. किडीचं पांढरं काडीने दाबलं तर गुलाबी-पिवळट ओल सोडतं. हा फरक तेव्हा माहीत असता तर पुढचे चार महिने वाचले असते.

कान साफ करायची कापसाची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक कीड टिपून काढा. आधी एका पानावर थेंब लावून दोन दिवस थांबा, पान करपलं नाही तरच पुढे जा. दर पाच-सहा दिवसांनी, निदान चार वेळा, कारण अंड्यांवर स्पिरिटचा भरवसा नाही. जिथे काडी पोचते तिथे फवारणीपेक्षा हे काम जास्त चांगलं होतं. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करायची तर संध्याकाळी, आणि भोकांत जाऊ न देता. तेल आत गेलं की दालनाच्या भिंतींवर बसतं, आणि त्याच भिंतींतून झाड श्वास घेतं, पोषण घेतं. मुंग्यांसाठी आमिषाचं औषध कुंडीपासून दूर, त्यांच्या वाटेवर ठेवा. कीड गेली की मुंग्याही काही दिवसांत येईनाशा होतात.

भोकांतही टॉर्च मारा. आत पांढरं दिसलं तर पुढची तपासणी टाळू नका.

सातवी: कुंडीतून काढून मुळं पाहणं

इथपर्यंत फारसं काही मोडण्याचा धोका नव्हता. आता आहे, म्हणून पहिल्या तपासणीत कुजका वास आला नसेल तर ही पायरी वरच्या सगळ्या करून झाल्यावरच. या झाडांची मुळं बारीक आणि ठिसूळ असतात. भरण थोडं ओलं असताना कुंडी आडवी करा, बाजूंनी दाबून ढेकूळ सैल करा आणि झाड ओढू नका, कुंडी ओढा.

जिवंत मूळ फिकट किंवा तांबूस-तपकिरी, पण बोटांत धरल्यावर ताठ असतं. मेलेल्या मुळाची साल बोटांच्या चिमटीत सुटून येते आणि मध्ये केसासारखा धागा उरतो. मुळांवर पांढरी पूड दिसली तर मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. मग सगळं जुनं भरण टाकून द्या, मुळं कोमट पाण्यात धुवा, कुंडी घासून गरम पाण्याने धुवा.

मेलेली मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. झाड सावलीत, हवेशीर जागी एक-दोन दिवस उघडं ठेवा, म्हणजे कापलेल्या जागा सुकतील. त्या दोन दिवसांत माणसाचा जीव वरखाली होतो, पण कंद तेवढा काळ सहज काढतो. नवं भरण भरड हवं: झाडाच्या सालीचे नखाएवढे तुकडे किंवा नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे दोन भाग, पर्लाइट (निचऱ्यासाठी घालतात ते पांढरे, हलके खनिज दाणे) एक भाग, लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस एक भाग, थोडा लाकडी कोळसा. बागेतली माती अजिबात नाही. कुंडी मुळांच्या मापाची घ्या, कंदाच्या मापाची नाही. मोठ्या कुंडीत मुळं नसलेलं भरण आठवडाभर ओलं राहतं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

कुंडी बदलल्यावर तीन-चार दिवस पाणी देऊ नका, मग थोडं थोडं. मुळं शाबूत असलेला तहानलेला कंद एक-दोन आठवड्यांत भरतो. मुळं गेलेल्या कंदाला माझ्याकडे दीड ते तीन महिने लागले आहेत, आणि त्या काळात तो सुरकुतलेलाच राहतो. त्या सुरकुत्या पाहून पाणी वाढवायचा मोह होतो. नवं पान दिसेपर्यंत तो आवरा.

आठवी: सड कापून काढणं

मऊ भाग लहान असेल, कंदाच्या कडेला असेल आणि फांद्यांचा बुंधा टणक असेल तरच. धारदार पातं स्पिरिटने पुसा, प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. मऊ भाग पूर्ण निघाला की अजून थोडं पुढे कापा, चारही बाजूंनी टणक, फिकट, स्वच्छ गर दिसेपर्यंत. पाण्याने भिजल्यासारखी तपकिरी रेघ गरात शिरलेली दिसली तर तिच्या मागे जा. ती सोडली तर पंधरा दिवसांत पुन्हा त्याच जागी याल.

वाटेत दालनं उघडी पडतील. पडू द्या. बुजवू नका, मेण किंवा मलम लावू नका. बुरशीनाशकाची पूड पातळ भुरभुरली तर चालेल. दालचिनीच्या पुडीवर मात्र विसंबू नका. कंद चार-पाच दिवस पूर्ण कोरडा ठेवा, कापलेला भाग चामड्यासारखा कडक झाला की मग लावा.

माझ्याकडचं एक हायड्नोफायटम मला अर्ध्याच्या थोडंच कमी कापावं लागलं होतं. तळहातावर उलटं धरलं तेव्हा उघड्या दालनांतून पलीकडच्या भोकाचा उजेड दिसत होता, आणि हे काही जगत नाही असं मी मनाशी धरलंही होतं. अकराव्या आठवड्यात एका फांदीच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी हिरवी कोंब-टोपी सुटली. त्याची कापलेली बाजू आज बुचासारखी करडी झाली आहे, दालनं अजून उघडीच आहेत.

कुठे थांबायचं, कोणाला विचारायचं

मऊपणा कंदाच्या पूर्ण घेराला वेढत असेल किंवा फांद्यांच्या बुंध्यापर्यंत पोचला असेल तर कापत बसू नका. तो कंद वाचत नाही. टणक फांद्यांचे तुकडे करून ओल्या मॉसमध्ये लावा. हायड्नोफायटमच्या फांद्यांना मुळं फुटतात, पण बियाच्या रोपासारखा सुबक कंद येईलच असं नाही.

दोनदा कापूनही सड परत आली, किंवा एकापेक्षा जास्त झाडांवर एकाच वेळी डाग आणि मऊपणा दिसला, तर वनस्पतिरोगतज्ज्ञाकडे जा. सडलेल्या आणि निरोगी भागाच्या सीमेवरचा ताजा तुकडा कागदात गुंडाळून न्या. पूर्ण सडलेला नको, त्यात मूळ रोगाऐवजी नंतर आलेल्या बुरशाच सापडतात. रोग बुरशीचा आहे की जिवाणूंचा हे डोळ्यांनी कळत नाही आणि दोघांची औषधं वेगळी आहेत. अंदाजाने तीन-चार औषधं फवारलेलं झाड तपासणं तज्ज्ञालाही अवघड जातं.

पिठ्या ढेकूण दालनांच्या आत शिरला असेल तर तिथे स्पिरिटची काडी पोचत नाही. मग झाडाच्या रसातून पसरणारं कीटकनाशक लागतं, आणि ते घरात, मुलं-प्राणी असताना, स्वतःच्या अंदाजाने देऊ नये. पीकसंरक्षणाची माहिती असलेल्या माणसाला विचारून, त्याने सांगितलेल्या प्रमाणातच. मुंग्यांनी घराच्या भिंतीत किंवा विजेच्या खोक्यात वारूळ केलं असेल तर तो कुंडीचा प्रश्न राहिलेला नाही, कीडनियंत्रणवाल्यांना बोलवा. झाड दुर्मिळ जातीचं किंवा खूप जुनं असेल तर सातव्या पायरीच्या आधीच एखाद्या वनस्पती उद्यानातल्या जाणकाराला दाखवा. पहिली कापाकापी शिकण्यासाठी ते झाड वापरू नका.

एक गोष्ट मात्र झाड धडधाकट असतानाच करून ठेवा. घरी वाढवल्या जाणाऱ्या अनेक जातींची फुलं स्वतःच्याच परागाने फळतात. बारकी पांढरी फुलं येऊन जातात, मग नारिंगी किंवा लालसर फळं दिसतात. कॉफीच्याच कुळातली ही झाडं, पण बी चिकट, बांडगुळाच्या बीसारखं. फळ पिकून मऊ झालं की चिमटीत दाबा, बी मॉसच्या पृष्ठभागावर टेकवा, पुरू नका, वरून पारदर्शक झाकण ठेवा. बी सुकवून ठेवू नका, त्याची रुजण्याची ताकद झपाट्याने जाते. ताजं बी दोन-तीन आठवड्यांत रुजतं आणि दोन पानांखालचा दांडा मोहरीएवढा फुगलेला दिसायला लागतो. तो हवेत राहील याची काळजी तेव्हापासूनच घ्या.